काका, सध्या काय ऐकताय?

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात कानाचं मशीन साफ करून घ्यायला तुमच्याकडे आलो तेव्हा बाहेर बाकावर आठ-दहा माणसं बसलेली होती. तुमची घाई चालली होती. तरी नेहमीप्रमाणे विचारलंत, "काका, सध्या काय ऐकताय?" मी "चाललंय बरंच काही" म्हणून उठलो, पाळधीमार्गे धरणगावची बस पकडली आणि घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. ज्या प्रश्नाने मला माझं गाणं परत मिळालं, त्याचं उत्तर मी तीन शब्दांत उरकलं. आज ते सावकाश लिहितो. आभार त्यातच आले असं समजा.

तुमचं नाव लिहीत नाही, कान तपासून मशीन लावून देणाऱ्या ताई एवढंच लिहितो. तुम्हाला ते आवडायचं नाही, हे दोन वर्षांत कळलंय. पत्र मात्र चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं लिहितोय. आमच्या भजनी मंडळातच तिघांची कानाची मशीनं कपाटात पडून आहेत. तिघांचं म्हणणं एकच: बोलणं बरं समजतं, पण भजनाला लावून बसलं की डोकं उठतं. माझंही अगदी तेच होतं.

मी जिनिंगमध्ये फिटर होतो. एकतीस हंगाम काढले. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागला की मार्च-एप्रिलपर्यंत रेचे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारी यंत्रं, बंद म्हणून पडायचे नाहीत. चालू रेच्यांच्या रांगेत उभं राहून, नुसत्या आवाजावरून, कुठल्या रेच्याचं बेअरिंग जायला आलंय हे मी सांगायचो. हा माझा कान. आणि त्याच कामात तो गेला. कानात रुईचा बोळा आम्ही सगळेच घालायचो, रुईला काय तोटा! त्याने आवाज फारसा अडत नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला साठावं लागलं होतं. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा असते, हेही तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा ना आम्हाला ठाऊक होतं, ना कोणी सांगितलं.

बहिरेपण आलं तसं गाणं एका दिवसात गेलं नाही. ते वरून झिजत आलं. आधी घुंगरू गेले. मग टाळांची किणकिण गेली, नुसता ठोका उरला. मग भजनातले शब्द गेले. स, श, च, त ही अक्षरंच जणू कोणी पुसून टाकली, आणि अभंग म्हणजे एकामागोमाग एक आकार-उकार झाले. मंडळात मी पुढे बसायचो, तो हळूहळू मागच्या भिंतीला सरकलो. त्या वर्षांत मला धरून ठेवलं ते प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने. तो आवाज इतका भरदार, इतका मोकळा, की माझ्या कानात जेवढं शिल्लक होतं तेवढ्यातही तो पुरून उरायचा. घरात मात्र मी टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि बायकोने कमी करायचा, हे रोजचं झालं होतं.

पहिलं मशीन मी दुसरीकडून घेतलं होतं. दहा मिनिटांत कानात बसवून दिलं, "ऐकू येतं ना?" विचारलं, मी हो म्हटलं, संपलं. ते घालून मी सप्ताहात बसलो आणि टाळ पहिल्यांदा वाजले तेव्हा पत्र्यावर दगड पडावेत तसं झालं. पेटीचा सूर हेलकावे खायला लागला. मला वाटलं, पेटीवाल्याचा भाता बिघडला. मशीन काढून खिशात टाकलं, आणि घरी गेल्यावर खिशातून कपाटात.

तुमच्याकडे आलो तो पुतण्याच्या आग्रहाने. काचेच्या खोलीत बसवून तुम्ही कानावर डबे चढवलेत, बीप ऐकू आली की बटण दाबायला सांगितलंत. नंतर आलेखाचा कागद समोर ठेवलात. हजार हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच त्याचं माप) रेघ बरी चालली होती, दोन हजारांपासून उतरायला लागली आणि चार हजारांशी खड्ड्यात गेली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा खड्डा बहुतेक तिथेच पडतो, म्हणालात. मी विचारलं, "म्हणजे वरची पट्टी गेली का माझी?" त्यावर तुम्ही पेटीचं उदाहरण दिलंत ते मला अजून पाठ आहे. पेटीतल्या मधल्या सप्तकाचा सा अडीचशेच्या आसपास, मंडळातला चढ्यातला चढा गाणारासुद्धा हजाराच्या आगेमागेच राहणार. म्हणजे सूर तुम्हाला ऐकू येतो, काका. प्रत्येक सुरावर वरचे बारीक सूर चढलेले असतात, ते गेलेत. सूर आहे, त्याचा रंग गेलाय.

माझं नेमकं काय हरवलंय, हे इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाही सांगता आलं नव्हतं.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "ऐकू येतं का?" हा नव्हे. "काय ऐकायला आवडतं?" मी जरा लाजतच म्हटलं, भजन. शास्त्रीयही, कळत काही नाही पण किशोरीताई आवडतात. तुम्ही म्हणालात, "मग पुढच्या वेळी ते घेऊनच या. बोलण्यासाठी मशीन लावणं निराळं आणि गाण्यासाठी निराळं."

पुढच्या वेळेला मी मोबाइलमध्ये किशोरीताई आमोणकरांचा भूप घेऊन आलो. तुम्ही तो लावलात आणि मला डोळे मिटून बसायला सांगितलंत. तानपुरा सुरू झाला. षड्ज धरला की तो स्थिर राहायला हवा ना, तो पाण्यात पडलेल्या चंद्रासारखा हलत होता. मी म्हटलं, हेच. हेच सप्ताहात पेटीचं होत होतं. तुम्ही हसलात. हसण्याचं कारणही लगेच सांगितलंत. मशीनमधून बाहेर पडलेला आवाज फटीतून पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरला की मशीन शिट्टी मारतं. ती शिट्टी दाबायची सोय मशीनमध्येच असते. एकच सूर धरून बसलेलं काही ऐकू आलं की मशीनला वाटतं, ही आपलीच शिट्टी, आणि ते त्या सुराच्या मागे लागतं. बोलताना माणूस एका सुरावर कधीच थांबत नाही, म्हणून बोलण्यात ही अडचण येत नाही. तानपुरा तर एकाच सुरावर थांबण्यासाठीच असतो.

त्या दिवशी पाऊण तास तुम्ही नुसता तानपुरा वाजत ठेवला होतात. मोबाइलवरचा तानपुरा, पट्टी काळी एक. संगणकावर एकेक गोष्ट बंद करत गेलात. शिट्टी दाबणारं बंद. गोंगाट कमी करणारं बंद, कारण त्याला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटते. फक्त समोरचं ऐकणारा माइक चारी दिशांनी उघडा. बारीक आवाज चढवून मोठा आवाज दाबण्याची ओढाताण सैल. शिट्टी येऊ नये म्हणून रबरी टोपीऐवजी माझ्या कानाच्या मापाचा साचा करायला घेतलात, त्याने खर्जही भरून येईल म्हणालात. दर बदलानंतर तुम्ही विचारायचात, "आता?" आणि मी सांगायचो. गढूळ. थोडं बरं. कापरं झालं. बाकावरची माणसं ताटकळत होती, तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

मग कधीतरी एक कळ दाबलीत आणि जवारी उघडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तारेतून एका सुराऐवजी सुरांचा पिसारा बाहेर पडतो, तीच जवारी. तो पिसारा सगळा वरच्या बारीक सुरांचा. म्हणजे बरोब्बर माझ्या खड्ड्यातला. कित्येक वर्षं मला तानपुरा म्हणजे भुंग्याची गुणगुण ऐकू येत होती. त्या दिवशी तार स्वच्छ उमटली आणि तिच्यावर ते सगळं उमललं. मी काही बोललो नाही. तुम्ही "आता?" विचारलंत, मी मान हलवली. तुम्ही कळ सोडून खुर्ची मागे सरकवलीत आणि भूप पुन्हा पहिल्यापासून लावलात. पाचच सूर, म आणि नी वर्ज्य. त्या पाच सुरांत एवढी जागा आहे हे मी विसरून गेलो होतो.

आता बटण दाबून ठेवलं की कानात दोनदा टुंग होतं आणि गाण्याचं खातं उघडतं. घरातली माणसं त्याला "काकांची दुसरी खोली" म्हणतात.

तर सध्या काय ऐकतोय. सकाळी भूप ऐकू नये, तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणून सकाळी भीमसेन जोशींचे अभंग. पूर्वी मी ते चालीवर ऐकायचो, आता शब्दांवर ऐकतो. अभंगाच्या शेवटच्या अक्षरावर ते कसे थांबतात, ते अक्षर कसं पुरं सोडतात, हे ऐकण्यासाठी एकेक ओळ चार-चारदा मागे नेतो. दुपारी आकाशवाणी जळगाव. तिथे कधी बहिणाबाईंचं गाणं लागलं की हातातलं काम ठेवतो. असोद्याची लेक, १८८० ते १९५१ असं आयुष्य, अक्षरओळख नाही. सोपानदेवांनी ती गाणी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली पुस्तक झालं आणि आपल्यापर्यंत आलं. त्या गाण्यांत आमच्या घरातले शब्द आहेत. ते कोणी शहरी उच्चारात गायलं की मला आता फरक ऐकू येतो, आणि खरं सांगतो, खटकतो. हा खटकाही मला प्यारा आहे. तो ऐकू यायला कान लागतो.

पुतण्याच्या एका मित्राने साक्रीकडची पावरी पाठवलीय. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणा समाजाची माणसं रात्र-रात्र वाजवतात ती, सुक्या भोपळ्याची. दम न तोडता वाजत राहते. पहिल्या मशीनने तिचीही शिट्टी समजून गळचेपी केली असती, हे मनात येतंच. दुसऱ्या खोलीत ती अखंड ऐकू येते. ऐकताना पायांना गप्प बसवत नाही.

लग्नातला डीजे मी ऐकत नाही. अहिराणी गाणी मला आवडतात, घरात आवर्जून लावतो, पण मांडवात तुम्ही सांगितल्याप्रमाणे मशीन काढून डबीत आणि कानात फोमचे बोळे. पुतण्यालाही दिलेत. आधी तो नको म्हणाला, आता स्वतः मागून घेतो.

जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सवाला जाऊन आलो, तेही तुमच्यामुळे. बालगंधर्वांना लहानपणी गाण्याची तालीम जळगावातच मिळाली, हे आम्ही धरणगावकरही अभिमानाने सांगतो. पण मी त्या महोत्सवाला कितीतरी वर्षांत फिरकलो नव्हतो. जायच्या आधी तुम्हाला विचारलं तर तुम्ही टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढलीत, नखाएवढे तुकडे कापलेत आणि मशीनच्या माइकवर एकावर एक चिकटवलेत. मी बघतच राहिलो. एवढं महागाचं यंत्र, आणि त्यावर चिकटपट्टी! समोर प्रत्यक्ष चाललेलं गाणं आणि तबला बोलण्यापेक्षा फार मोठा असतो, तो माइकच्या तोंडाशीच फाटतो, एकदा फाटला की पुढे कशानेच शिवता येत नाही. म्हणून तोंडाशीच थोडा अडवायचा. फिटर माणसाला हे एका वाक्यात पटलं. आम्हीही पाइपाच्या तोंडाशी असंच करायचो. त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेत बसून मी तबल्याची चाट ऐकली. थाप नव्हे, चाट, कडेची. बाजूच्या अनोळखी गृहस्थांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "छान आहे की." त्यांना काय सांगायचं!

सगळंच परत आलं असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते खोटं चालायचं नाही. घुंगरू अजून पत्र्यासारखे लागतात. दोन बायका एकदम गायल्या की आवाज वेगळे काढता येत नाहीत. पहिले दीड महिने सगळंच कर्कश वाटत होतं, वर्तमानपत्राची घडीसुद्धा. मेंदूला सवय व्हायला वेळ द्या, रोज थोडं ऐका, असं तुम्ही फोनवर तीनदा सांगितलंत. मे महिन्यात घामाने मशीन दोनदा बंद पडलं, तेव्हापासून रात्री सिलिकाच्या डबीत ठेवतो. मंडळातल्या त्या तिघांनाही माझं हेच सांगणं आहे: कपाटातलं मशीन घेऊन या, आणि सोबत आपलं आवडतं गाणं घेऊन या.

आता एक गोष्ट, जी त्या दिवशी तुम्हाला अर्धीच कळली.

पावसाळ्यात मी तक्रार घेऊन आलो होतो, आठवतं? म्हटलं, मशीन बिघडलंय, दुसऱ्या खोलीत सारखा 'स्सस्स' आवाज येतो. तुम्ही तुमची ती ऐकायची नळी लावून मशीन तपासलंत. काही नाही. विचारलंत, "कशावर येतो?" मी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि जुनी कॅसेट लावली. तुम्ही दोन मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, "काका, मशीन उत्तम आहे. हा कॅसेटचाच आवाज आहे. सगळ्या कॅसेटना असतो. तुम्हाला तो आतापर्यंत ऐकू येत नव्हता, कारण तो सगळा तुमच्या खड्ड्यात होता."

मी त्या 'स्सस्स'वर इतका खूश झालो की तुमचे पैसे द्यायचेही विसरलो आणि तुम्ही मागितलेही नाहीत.

ती कॅसेट माझ्या आईची आहे. १९९१ च्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. बहिणी माहेराला आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, आणि आई ओट्यावर बसून गौराईची गाणी म्हणते आहे. मी नवा टेप घेतला होता, म्हणून हौसेने भरून ठेवलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेट मी दर आखाजीला लावायचो, पण पुढे पुढे तिच्यातून नुसता आईच्या आवाजाचा आकार ऐकू यायचा. शब्द बहिणी सांगायच्या.

सध्या, ताई, मी रोज हीच ऐकतोय. संध्याकाळी, एकटा, दार लोटून. झोक्याची दोरी फांदीवर करकरते ते ऐकू येतं. मधेच कोणाच्या तरी बांगड्या वाजतात. थोरली बहीण म्हणते त्या तिच्या, धाकटी म्हणते तिच्या. आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी, गाणं संपल्यावर, आई काहीतरी बोलते. ते आम्हा कोणालाच कधी नीट लागलं नव्हतं. फार हळू बोलते आणि लगेच टेप बंद होतो. बहिणींनी आपापल्या परीने अर्थ लावून ठेवले होते. एक म्हणायची, देवाचं नाव घेते. मलाही तेच वाटायचं.

मागच्या मंगळवारी ते मला ऐकू आलं. सात-आठ वेळा मागे नेऊन खात्री केली, मग दोघी बहिणींना फोन लावला. आई माझ्याशी बोलतेय. म्हणतेय, "बंद कर रे आता, सेल सरतीन."

मशीनचे सेल संपत आले आहेत, तपकिरी चिकटीचे. पुढच्या सोमवारी घ्यायला येतो, कॅसेट सोबत आणतो.

आपला,
धरणगावचे काका